शनिवारी तीनच्या शोची वही

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, यादीही मिळाली. जानेवारी ते जून या सहा महिन्यांत बावीस सिनेमे पाहिलेस, त्यांतले आवडते सात निवडलेस, प्रत्येकापुढे तारे काढलेस आणि विचारलंस, "मावशी, बरोबर आहे का गं यादी?"

यादी चूक की बरोबर, ते मी कशी ठरवणार? आवड तुझी आहे. पण एक गोष्ट मला खटकली, ती आधी सांगते. सातही नावांपुढे तू 'भारी', 'क्लासिक', 'अंगावर काटा', 'मास्टरपीस' असे शब्द लिहिलेस. तुला काय वाटलं ते त्यावरून कळलं. तुला पडद्यावर काय दिसलं, ते एकाही ओळीत नाही. तुला सिनेमावर लिहायचं आहे म्हणून हे स्पष्ट सांगते. नुसता सिनेमा बघायचा असता तर बोलले नसते.

काल माझी २०१५ची वही काढली. तुझ्यासारखीच सहा महिन्यांची यादी मी त्या वर्षी पहिल्यांदा केली होती. मी बँकेत नोकरीला होते आणि तेव्हा बँका दर शनिवारी अर्धा दिवस चालायच्या. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची पूर्ण सुट्टी त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागली. दुपारी काउंटर बंद झालं की रोख जुळवायची, डबा पिशवीत टाकायचा आणि तीनचा शो गाठायचा, असा माझा नेम होता. पूर्वी पुण्यात अप्पा बळवंत चौकातलं 'प्रभात' थिएटर शाखेपासून चालत पाच मिनिटांवर होतं. डिसेंबर २०१४मध्ये ते बंद झालं आणि मला बसने कोथरूडला जावं लागायला लागलं. जाताना बसमध्ये काही सुचायचं नाही. येताना मात्र अर्धा तास हाताशी असायचा, म्हणून त्या वेळात वही लिहायची सवय लागली. तारीख, शो, कितवी रांग, सोबत कोण, आणि डोळ्यांसमोरून न हललेली एक गोष्ट. एवढंच. मत लिहायचं नाही, असा मी स्वतःला नियम घातला होता आणि तो पुष्कळदा मोडला.

सगळ्यात वाईट मोडला तो 'कोर्ट' या मराठी सिनेमाच्या वेळी. त्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तू जी चूक करते आहेस ती मी तिथे केली होती.

२४ मार्चला राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले आणि 'कोर्ट'ला सर्वोत्कृष्ट सिनेमाचं सुवर्णकमळ मिळालं. आदल्या वर्षी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवातही त्याला दोन पुरस्कार मिळाले होते. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणे तेव्हा तिशीच्या आतला मुलगा. १७ एप्रिलला सिनेमा लागला. त्याच एप्रिलमध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी सिनेमाला मोक्याची वेळ द्यायलाच हवी, असं सरकारने ठरवलं होतं. त्यावर मोठा गदारोळ झाला आणि शेवटी दुपारी बारा ते रात्री नऊ अशी तडजोड निघाली. त्यामुळे माझा तीनचा शो त्यात बसला. मी दुसऱ्याच दिवशी गेले. आता काहीतरी थोर पाहायला मिळणार म्हणून ताठ बसले होते.

त्या दिवशी वहीत काय लिहिलंय, जसंच्या तसं देते: "संथ. कॅमेरा जागचा हलत नाही. खटला चालू असताना वकिलांच्या घरी कशाला नेतात? शेवट लांबवलाय." झालं. सगळी मतं. पाहिलेलं काहीच नाही.

दहा-बारा दिवसांनी आमच्या कर्ज विभागातली एक मैत्रीण म्हणाली, "मला तो कोर्टाचा सिनेमा बघायचाय, येतेस का?" तिच्या सासरी जमिनीचा दावा वर्षानुवर्षं चालू होता आणि तारखांना तीच जायची. तिला नाही म्हणवेना, म्हणून गेले. सिनेमातले न्यायाधीश साक्षीदाराचं बोलणं आपल्या शब्दांत लघुलेखकाला सांगतात आणि पुढची तारीख देऊन मोकळे होतात. तिथे ती माझ्या कानाशी म्हणाली, "अगदी अस्संच असतं गं." मी पडद्याकडे नीट पाहायला लागले ती तिथपासून.

कॅमेरा हलत नव्हता, म्हणून मला खोलीतली सगळी माणसं एकदम दिसत होती. मागच्या बाकावर आपल्या नंबराची वाट बघणारी, पेंगणारी, फायली चाळणारी. बिनबाह्यांचे कपडे घातलेत म्हणून एका बाईची सुनावणी न्यायाधीश घेतच नाहीत, तेही पहिल्या वेळी माझ्या नजरेतून निसटलं होतं. आणि मग मेलेल्या सफाई कामगाराची बायको साक्षीला येते. लोकशाहीर नारायण कांबळेंच्या गाण्यामुळे त्याने गटारात उतरून जीव दिला, असा आरोप असतो. ती शांतपणे सांगते, की आत उतरण्याआधी तो गटारात खडा टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत विषारी वायू नाही, असं समजायचा. ही ओळ दोन्ही वेळा तीच होती. पहिल्या वेळी मी घड्याळ बघत होते.

सरकारी वकील बाई, म्हणजे गीतांजली कुलकर्णी, काम संपल्यावर लोकलने घरी जातात, स्वयंपाक करतात, सुट्टीच्या दिवशी कुटुंबाला घेऊन नाटकाला जातात. नाटकात परप्रांतीयांची टिंगल चालते आणि प्रेक्षागृह हसतं. पहिल्या वेळी मला हे सगळं विषयाबाहेरचं वाटलं होतं. दुसऱ्या वेळी त्या लोकलमध्ये मला मी दिसले. शाखेतल्या माणसाची अडचण शाखेत ठेवून भाजीचा विचार करत घरी जाणारी मी. बचावाचे वकील तिकडे मोठ्या दुकानात चीज आणि वाइन घेत असतात. दोघं एकाच खटल्यातून बाहेर पडून दोन वेगळ्या शहरांत जातात म्हण ना.

आणि शेवट. मे महिन्याची सुट्टी लागते, कोर्टाच्या खोलीतले दिवे एकेक करून विझतात, पडदा काळा होतो. दोन्ही वेळा लोक उठायला लागले, आम्हीही पर्सा उचलल्या. मग न्यायाधीश सहलीला गेलेले दिसतात. एका ओळखीच्या माणसाला, ज्याचं मूल नीट बोलत नाही, ते रत्नाची अंगठी आणि अंकशास्त्र सुचवतात. पुढे बाकावर बसल्या बसल्या डुलकी लागते, मुलं ओरडून जागं करतात, ते एकाच्या थोबाडीत देतात आणि पुन्हा डोळे मिटतात. माझ्या मैत्रिणीने पर्स परत मांडीवर ठेवली आणि बराच वेळ उठली नाही.

त्या रात्री मी आधीच्या नोंदीवर काट मारली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली. तूही कधी खाडाखोड करू नकोस. दोन नोंदींमधल्या त्या दहा-बारा दिवसांत सिनेमा बदलला नव्हता, हे आपल्याच अक्षरात समोर असलेलं बरं. वीरा साथीदार, ज्यांनी नारायण कांबळे उभा केला, ते नागपूरचे कार्यकर्ते होते. एप्रिल २०२१मध्ये कोविडने गेले. बातमी वाचली तेव्हा मी ही वही काढून ते पान पुन्हा वाचलं होतं.

म्हणून सांगते, जायच्या आधी पुरस्कार, तारे, परीक्षणं काही वाचू नकोस. आल्यावर हवं तेवढं वाच, पण आपली नोंद झाल्यावर. आणि पैसे परवडत असतील तर न आवडलेला एखादा सिनेमा दुसऱ्यांदा बघ, वेगळ्या माणसाबरोबर. आवडलेला तर आपण बघतोच.

'मार्गरिटा विथ अ स्ट्रॉ'ही 'कोर्ट'च्याच शुक्रवारी लागला होता. पुढच्या शनिवारी जाऊ म्हटलं आणि माझ्या सोयीच्या वेळी तो राहिलाच नाही. म्हणून माझ्या यादीत तो नाही. नंतर घरी पाहिला, आवडला, पण ती नोंद वेगळ्या वहीत आहे. थिएटरच्या यादीत थिएटरातलंच ठेवावं. तुझ्या सातांपैकी दोन तू मोबाइलवर पाहिलेस, हे मला तुझ्याच पत्रावरून कळलं. ते वेगळे काढ.

'बदलापूर'ची सुरुवात मी अजून विसरलेले नाही. स्थिर कॅमेरा, समोर पुण्यातला साधा रस्ता, येणारी-जाणारी माणसं, आणि आपण काय बघायचं ते कळायच्या आत बँकेवर दरोडा पडून गेलेला असतो. बँकेत नोकरी करणारीला ते किती लागलं असेल! तरी आवडत्यांत तो घेतला नाही. कसब मान्य, पण त्या सिनेमाकडे परत जावंसं वाटलं नाही. असंही होतं, आणि तसं लिहायला घाबरू नये. उलट 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड'ला मी भाच्याच्या आग्रहाखातर गेले आणि आवडत्यांत घेऊन बसले. सत्तरीतल्या जॉर्ज मिलरने केलेली दोन तासांची पळापळ, पण कुठे बघावं असं एकदाही झालं नाही. भाच्याने घरी येऊन समजावलं, की महत्त्वाची गोष्ट प्रत्येक शॉटमध्ये पडद्याच्या मधोमध ठेवली आहे, म्हणून तुकडे कितीही झटपट बदलले तरी नजर भरकटत नाही. संकलन मार्गारेट सिक्सेल यांचं, पुढच्या वर्षी त्यांना त्याचं ऑस्कर मिळालं. मी नोंदीत फक्त एवढंच लिहिलं होतं: "मान दुखली नाही." बघ, ती नोंद बरोबर निघाली.

'दम लगा के हैशा' २७ फेब्रुवारीला लागला, मराठी भाषा दिनाला. दुसऱ्या दिवशी मी गेले. नव्वदच्या दशकातलं हरिद्वार, कॅसेटचं दुकान, आणि एकमेकांशी न बोलणारं नवरा-बायकोचं जोडपं. दोघं आपापल्या कॅसेट बदलून गाण्यांतून भांडतात. एक गाणं इकडून, त्याला उत्तर तिकडून. माझ्या नोंदीत आहे: "बटण दाबल्याचा खट्ट आवाज." घरी टेपरेकॉर्डर असलेल्या माझ्या पिढीला तो आवाज पोटातून कळतो. तुला कळणार नाही, आणि त्यात तुझं काही कमी नाही. तुझ्या पिढीचा असा आवाज कोणता, तो तू शोध.

'पिकू'ला वडिलांना नेलं होतं. मे महिना, ते ऐंशीचे. सिनेमातल्या म्हाताऱ्या भास्कर बॅनर्जींच्या पोटाच्या तक्रारी ऐकून ते इतके हसले की पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. इरफान कागदावर चित्र काढून शौचाला कसं बसावं ते समजावतो, तिथे तर त्यांनी माझा दंडच धरला. आमच्या घरी इसबगोलाचा डबा देवघराशेजारी असायचा. परत येताना रिक्षात ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मी तुला एवढा त्रास देतो का गं?" मी म्हटलं, "छे हो." त्या दिवशी वही उघडली नाही. 'सोबत कोण' हा रकाना मी का ठेवला, ते यावरून तुझ्या लक्षात येईल. तुझ्या यादीत तो रकाना नाही.

शेवटचा 'किल्ला', २६ जूनचा. मी २७ला गेले, बाहेर पाऊस. त्याच महिन्यात १२ तारखेपासून लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूटच्या विद्यार्थ्यांचा संप सुरू झाला होता, जो पुढे १३९ दिवस चालला. आणि त्याच संस्थेत कॅमेरा शिकलेल्या अविनाश अरुणचा हा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, छायाचित्रणही त्याचंच. बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात लहान मुलांच्या ज्यूरीने त्याला आदल्या वर्षी 'स्फटिक अस्वल' हा पुरस्कार दिला होता. हे मला नंतर कळलं, याचं आता बरं वाटतं.

वडील गेलेला चिन्मय आणि बदली होऊन कोकणात आलेली त्याची आई. अमृता सुभाषने ती आई केली आहे. माझीही बदली एकदा चिपळूणला झाली होती, मुलगा सहावीत होता. नवं घर, नवी शाळा. संध्याकाळी मी यायचे तेव्हा तो पायरीवर बसलेला असायचा आणि "काय केलंस दिवसभर?" म्हटलं की "काही नाही" म्हणायचा. सिनेमात एकदा मुलं किल्ल्यावर जातात, धो धो पाऊस येतो, मित्र निघून जातात आणि चिन्मय त्या भिंतींमध्ये एकटा उरतो. हाका मारतो. माझ्या नोंदीत आहे: "हाक पावसात बुडते. मुलगा कोपऱ्यात. रांग एफ. एकटी." खाली आणखी एक ओळ आहे: "घरी गेल्यावर फोन करायचा." मुलगा तेव्हा बंगळुरात होता. मी फोन केला आणि विचारलं, चिपळूणला तू दिवसभर काय करायचास रे? तो चाळीस मिनिटं बोलला.

हा सिनेमा मी पहिल्या क्रमांकावर ठेवला होता, 'कोर्ट' दुसऱ्या. काल वही वाचून झाल्यावर क्रम उलटा करावासा वाटला. केला नाही. शेजारी कालची तारीख घालून तेवढं लिहून ठेवलं.

तू आता असं कर. मोबाइलवरची दोन वेगळी काढलीस तरी सातही नावं राहू देत, तारे पुस. प्रत्येकापुढे तुला आजही डोळ्यांसमोर आणता येईल अशी एकच गोष्ट लिही. एखादी वस्तू, हात, आवाज, दारातून येणारा उजेड, काहीही. ज्या नावापुढे काहीच आठवणार नाही ते पुसू नकोस, मोकळं ठेव आणि जमलं तर तो सिनेमा परत बघून ये.

चौथ्या नावापुढे तू 'अंगावर काटा' लिहिलंयस. तो कुठे आला? पडद्यावर तेव्हा काय चाललं होतं? तेवढं मला पुढच्या पत्रात कळव.

तुझी,
मावशी