दोन स्पीकर की सहा? वाचकांचे प्रश्न

प्रश्न : नमस्कार. मी ६१ वर्षांचा, नुकताच रिटायर झालोय. आता निवांत गाणी ऐकायची म्हणून सिस्टीम घ्यायचीय, बजेट साधारण ५० हजार. मुलगा म्हणतो बाबा ५.१ होम थिएटर घ्या, चारी बाजूंनी आवाज येतो, स्टिरिओ आता जुनं झालं. माझ्याकडे शास्त्रीय आणि नाट्यसंगीताच्या भरपूर सीडीज आहेत, जुनी हिंदी गाणी मोबाईलवरून ऐकतो. हॉल १२ बाय १४. काय घेऊ?
– एक वाचक, सांगली

उत्तर : काका, दोन स्पीकर आणि एक चांगला ॲम्प्लिफायर, म्हणजे स्टिरिओच घ्या, अजिबात मागेपुढे पाहू नका.

तुमच्या सीडीवर मुळात दोनच चॅनेल आहेत, डावा आणि उजवा. ५.१ म्हणजे पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर; असं होम थिएटर त्या दोनाचे पाच करतं म्हणजे काय करतं, तर अंदाज बांधतं. दोन्हीकडे जे सारखं आहे ते मधल्या स्पीकरला, जे दोन्हीकडे वेगळं आहे ते मागे पाठव. मागच्या दिवाळीत ओळखीच्यांकडे फराळाला गेलो होतो, त्यांनी हौसेने नवीन सिस्टीमवर यमनचा ख्याल लावला. गाणाऱ्या बाईंचा आवाज टीव्हीखालच्या आडव्या डब्यातून, तानपुरा माझ्या पाठीमागे भिंतीवर, डग्गा कोपऱ्यातल्या सबवूफरमधून घुमतोय आणि तबल्याची चाट समोरून, म्हणजे एकाच तबलजीचे दोन हात खोलीच्या दोन टोकांना! मी रिमोट मागितला आणि स्टिरिओचं बटण दाबलं. तानपुरा लगेच बाईंच्या मागे जाऊन बसला, जिथे तो असतो तिथेच. घरातल्या आजी म्हणाल्या, हां, आता गाणं लागलं.

दोन स्पीकरमधून मधोमध आवाज कसा येतो याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. मध्ये काहीच नसतं, पण दोन्ही कानांना एकाच वेळी सारखाच आवाज पोचला की मेंदू गायकाला मध्ये बसवतो. त्यासाठी दोन स्पीकर आणि तुम्ही असा समभुज त्रिकोण हवा, तुमच्या हॉलमध्ये सात-आठ फुटांचा आरामात बसेल. ट्वीटर, म्हणजे स्पीकरमधला बारीक आवाजाचा छोटा गोल, कानाच्या उंचीला ठेवा. शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका आणि भिंतीला अगदी चिकटवू नका, फूट-दीड फूट तरी पुढे. खाली टाइल्स असतील तर समोर सतरंजी अंथरा, फरक पहिल्याच दिवशी कळेल.

पैशाचंही बघा, ५० हजारात पाच स्पीकर, एक सबवूफर आणि रिसिव्हर (या सगळ्यांना चालवणारा ॲम्प्लिफायर) बसवायचा तर प्रत्येकाच्या वाट्याला किती येणार? तेच पैसे दोन स्पीकर आणि ॲम्प्लिफायरमध्ये घातले तर स्वरमंडळाची तार आणि हार्मोनियमचा भाता वेगळा ऐकू येईल असं काहीतरी मिळतं. आणि डब्यावर पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या ताकदीचे, हजारो वॉट लिहिलेले असतात तिकडे बघूच नका, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारी खरी ताकद, किती ते विचारा.

पण मुलगा अगदीच चुकीचा नाहीये हेही सांगतो. स्टिरिओची जादू एकाच खुर्चीपुरती असते. एका बाजूला सरकलात आणि दोन स्पीकरपासूनच्या अंतरात फूटभराचा फरक पडला की गायक जवळच्या स्पीकरमध्ये जाऊन बसतो. चौघं सोफ्यावर बसून सिनेमा बघणार असतील तर मधला स्पीकर खरंच कामाचा, संवाद पडद्यावरच राहतात. आणि मुळातच मल्टिचॅनेलमध्ये, म्हणजे दोनपेक्षा जास्त चॅनेलमध्ये, केलेलं रेकॉर्डिंग असेल तर गोष्टच वेगळी. १९९९ मध्ये एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आली, तिच्यावर पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राची फार सुंदर ५.१ रेकॉर्डिंग्ज आहेत. तिथे मागच्या स्पीकरमधून व्हायोलिन येत नाही, हॉलच्या भिंतींवरून परत येणारा आवाज येतो आणि आपण खरोखर त्या हॉलमध्ये बसल्यासारखं वाटतं, ते स्टिरिओत तितकं येत नाही हे मी मनापासून मान्य करतो. पण आपल्या गाण्याचं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा माइक जवळ ठेवून केलेलं असतं, मागून यायला त्यात असतं काय, फार तर श्रोत्यांची दाद.

आणि स्टिरिओ जुनं झालं म्हणणाऱ्यांना सांगा की चार स्पीकरचं क्वाड्राफोनिक १९७० च्या दशकातच येऊन गेलं, कंपन्यांच्या पद्धती एकमेकींशी जुळेनात, लोक वैतागले आणि पुन्हा दोनावर आले. २०२१ पासून ॲपल म्युझिकवर डॉल्बी ॲटमॉसमध्ये, म्हणजे चहूबाजूंनी आवाज येईल अशी, गाणी मिळतात, त्यातली काही छान आहेत, पण तुमच्या कपाटातल्या सीडीज त्याने बदलणार नाहीत.

दुकानात जाताना तुमची रोजची सीडी घेऊन जा, त्यांची डेमोची नको.

प्रश्न : बालगंधर्वांच्या जुन्या ७८ च्या रेकॉर्ड्सवरून केलेली सीडी आहे. ते तर मोनो, मग एकच स्पीकर चालू ठेवायचा का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही, दोन्ही चालू ठेवा. मोनोत दोन्हीकडे तंतोतंत तेच असतं, त्यामुळे त्रिकोणात बसलात तर आवाज बरोबर मधोमध, एका ठिकाणाहून यायला हवा. तसा न येता पसरट, कुठून येतोय तेच कळत नाही असं वाटलं तर एका स्पीकरची वायर उलटी लागलीय. ॲम्प्लिफायर बंद करा, मागची लाल-काळी टोकं दोन्ही बाजूंना तपासा, लाल लालला, काळी काळीला, आणि तीच सीडी परत लावा.