दिलजमाई इतक्यात नको

प्रिय दोस्ता,

तुझ्या नव्या मालिकेचा पायलट, म्हणजे पहिला भाग, आणि पहिल्या सीझनची वन-लाइन, म्हणजे कथेचा आराखडा, वाचला. डिटेक्टिव्हगिरी करणारा समंध, त्याचा जिवंत जोडीदार आणि गिरगावातल्या बंद पडलेल्या खानावळीत थाटलेलं ऑफिस. चौथ्या एपिसोडपर्यंत समोरचा चहा गार झाला तरी मला पत्ता नव्हता. पाचव्यात मात्र तू माती खाल्लीस. जोडीदार दगा देतो आणि सातव्यात दोघं गच्चीवर, भर पावसात, एकमेकांच्या गळ्यात! अडीच पानं संवाद. त्यात "तू माझा भाऊ आहेस" दोन वेळा. अरे, सख्खे भाऊ तरी एकमेकांना असं कधी म्हणतात का?

'एंजल' बघ. १९९९ ते २००४, पाच सीझन, ११० भाग. जॉस व्हीडन आणि डेव्हिड ग्रीनवॉल्ट यांची अमेरिकन मालिका. स्पेशल इफेक्ट आज बघवत नाहीत, चौथा सीझन मध्येच भरकटतो, तेवढं सोसून घे. लॉस एंजेलिसमध्ये अडल्या-नडलेल्यांच्या केसेस घेणारा एंजल नावाचा एक व्हॅम्पायर. मूळचा आयर्लंडमधल्या गॉलवेचा, अठराव्या शतकातला. दीडेकशे वर्षं माणसं मारली आणि १८९८ साली शाप म्हणून त्याला आत्मा परत मिळाला. तेव्हापासून केलेलं सगळं आठवत जगतोय. शापाला एक पोटकलम आहे: निर्भेळ सुखाचा एक क्षण मिळाला की आत्मा गेला, आणि हा पुन्हा मूळ सैतान. म्हणजे प्रेमाच्या दाराला लेखकांनी बाहेरून कडी घातलेली. तिसऱ्या सीझनच्या शेवटी तो आणि त्याची सहकारी कॉर्डेलिया एकमेकांना मनातलं सांगायला निघतात, तर त्याच रात्री ती दैवी रूप घेऊन वर जाते आणि हा पेटीत बंद होऊन समुद्राच्या तळाशी. मला तो योगायोग जरा जास्तच वाटला, पण असो.

मैत्रीबद्दल शापात अक्षर नाही. ती वाट त्याला मोकळी होती. ती हे लोक आपल्या हाताने बुजवतात, आणि तू पाहायचंय ते हेच.

वेस्ली हा त्याचा जोडीदार. पुस्तकी, इंग्रज, बापाच्या धाकात वाढलेला. दहाव्या भागात चामडी कपडे घालून मोटरसायकलवर येतो तेव्हा आपण हसतो. दुसऱ्या सीझनमध्ये एंजल सगळ्यांना कामावरून काढतो आणि पुढे खाली मान घालून परत येतो, तेव्हा कारभार वेस्लीच्या हातात गेलेला असतो. नवसाने व्हावं तसं एंजलला पोर होतं, कॉनर. आणि वेस्लीला जुन्या पोथीत वाक्य सापडतं: बाप मुलाला मारेल. भूकंप, आग आणि रक्त ही खूण. खुणा एकेक पटताना दिसतात. तो कोणालाही बोलत नाही. रात्री जागतो, पुन्हापुन्हा भाषांतर तपासतो आणि शेवटी मित्राचं पोर उचलून निघतो, पोराला वाचवायला आणि मित्राला त्या पापातून वाचवायला. वाटेत त्याचा गळा चिरला जातो. पोर शत्रूच्या हाती पडतं. भविष्यवाणी तर खोटीच असते, कुणीतरी मुद्दाम फिरवून लिहिलेली.

आता इस्पितळातला सीन बघ. गळ्याला पट्ट्या, वेस्लीच्या तोंडातून आवाज निघत नाही. ज्या क्षणी त्याच्याकडे सांगण्यासारखं सगळं आहे, नेमका तेव्हाच लेखकांनी त्याचा आवाज काढून घेतलाय. एंजल येतो, खाटेजवळ बसतो, मऊ आवाजात बोलतो. तू हे का केलंस ते कळतं म्हणतो. एवढंच बजावतो की, हे मी शुद्धीत बोलतोय, माझ्यातला सैतान नव्हे. आणि उशी उचलून वेस्लीच्या तोंडावर दाबतो. लोक येऊन ओढून काढतात म्हणून वेस्ली वाचतो.

तुझ्या पाचव्या एपिसोडात जोडीदार पैशासाठी फितूर होतो. सोपं आहे ते. पैशासाठी फितूर झालेल्याला प्रेक्षक दोन मिनिटांत निकालात काढतो. वेस्लीला काढता येत नाही, कारण त्याने मित्राच्या काळजीपोटीच मित्राचं घर जाळलंय. त्याचा गुन्हा एकच, विचारलं नाही. पुरुषांच्या मैत्रीत ही फार ओळखीची खोड आहे. त्याला कशाला ताप, मी बघतो काय ते.

मग पुढे काय होतं? त्यांच्यातलीच एक, फ्रेड, येऊन वेस्लीला त्याचं सामान देते आणि हॉटेलवर, म्हणजे त्यांच्या ऑफिसात, पुन्हा येऊ नकोस म्हणून बजावते. चौथ्या सीझनच्या पहिल्या भागात, तीन महिन्यांनी, समुद्रातून ती पेटी वर काढतो तो वेस्लीच. बाकीचे शोधून दमलेले असतात. सुकून काटकी झालेल्या एंजलला पाजायला आणलेलं जनावराचं रक्त पुरत नाही, तेव्हा तो स्वतःचा हात कापून त्याच्या तोंडाशी धरतो. माफी नाही, मिठी नाही. हॉटेलवर आणून इतरांच्या ताब्यात देतो आणि निघून जातो. पाहुणचारालासुद्धा थांबत नाही, म्हण. तुझ्या गच्चीवरच्या अडीच पानांत नाही ते सगळं त्या हातात आहे.

गन हा त्यांच्यातलाच आणखी एक; त्याचं आणि वेस्लीचंही बघून ठेव. दुसऱ्या सीझनमध्ये गनच्या मदतीला धावताना वेस्ली पोटात गोळी खातो. पुढे दोघांचा जीव फ्रेडवर जडतो आणि दोघांतलं बोलणं कामापुरतं उरतं. शेवटच्या सीझनमध्ये गन स्वार्थापोटी एका कस्टमच्या कागदावर सही करतो, त्या सहीने आलेल्या शवपेटीपायी फ्रेड जाते, आणि हे कळल्यावर वेस्ली त्याच गनच्या पोटात सुरा खुपसतो.

हे फार काळं वाटत असेल तर स्पाइक आहेच. तोही व्हॅम्पायर, एंजलचा शंभराहून अधिक वर्षांचा वैरी. दोघं एका पवित्र प्याल्यासाठी एकमेकांना रक्तबंबाळ करतात आणि प्याल्यात निघतं माउंटन ड्यू. आणखी एका भागात दोघं घसा फुटेस्तोवर भांडतात. विषय काय, तर गुहेतले आदिमानव आणि अंतराळवीर यांची जुंपली तर जिंकेल कोण! त्या दोघांची मैत्री आहे असं मालिकेत कुणी म्हणत नाही. गरजच नाही.

मी हे एवढ्या तावातावाने लिहितोय त्याला कारण आहे. तुला माहीत नाही, पण एके काळी मी एकटा लिहीत नव्हतो. आम्ही दोघं होतो. तो हाताने लिहायचा, मी टाइप करायचो, आणि पाटीवर दोघांची नावं. एका डेली सोपच्या वेळी चॅनलने मला बाजूला घेऊन सांगितलं, पुढच्या महिन्यापासून तो नको. मी त्याला बोललो नाही. वाटलं, पटवू त्यांना, उगीच कशाला त्याला दुखवायचं. त्याला ते सेटवर प्रॉडक्शनच्या पोराकडून कळलं, मी शेजारी उभा असताना. तो बॅग उचलून निघाला. दोन वर्षं फोन नाही.

तेव्हा पाचवा एपिसोड नव्याने लिही. पैसे काढून टाक. जोडीदाराला असं काही कळू दे की जे सांगणं त्याला क्रूर वाटेल. गच्ची, पाऊस आणि सातव्यातली दिलजमाई पूर्ण काढ. सातव्यात दोघांना एका खोलीतसुद्धा आणू नकोस. दुसऱ्या सीझनला बघू.

आणि संवाद लिहायची खाज आवरेना तर हे ऐक. दोन वर्षांनी रात्री अकराला त्याचा फोन आला. हॅलो नाही, कसा आहेस नाही. "तुझ्या मालिकेतली कोल्हापूरची म्हातारी आज 'सून येऊन राहिली' म्हणाली. कोल्हापुरात कोण 'येऊन राहतं' रे? ती काय नागपूरची आहे?" मी म्हटलं, घाईत राहून गेलं. "याय लागलीया," तो म्हणाला, "लिहून घे," आणि फोन ठेवला.

मी लिहून घेतलं. आम्ही पुन्हा एकत्र काही लिहिलं नाही. चुका सापडल्या की तो अजून फोन करतो.

ड्राफ्ट पुढच्या महिन्यात पाठव.

तुझा,
सर