इटालियन क्रियापदांचे तक्ते पाठ होत नाहीत? मराठीतल्या 'विकली'पासून सुरुवात करा

तुम्ही विचारलंय की सप्टेंबरात शिकायला उत्तर इटलीत तोरिनोला जायचंय, चार महिने इटालियन चालू आहे, पण क्रियापदांचे काळ आणि अर्थ (विधान, इच्छा, आज्ञा असे प्रकार) यांचे तक्ते पाठ केले की आठवड्याभरात डोक्यातून जातात. मराठी माणसानं हे लक्षात ठेवायचं कसं?

मी अकरा वर्षं बोलोन्यात राहते. पहिलं दीड वर्ष मीही तक्तेच पाठ करत होते. आता कुणी विचारलं तर मी सांगते की तक्ता भिंतीवर लावा, पण शिकायचं आपल्या मराठीच्या आधारानं. शाळेत आपण व्याकरणात जे शिकलो आणि विसरलो, त्यातलं बरंचसं इथे कामाला येतं.

आधी आकड्याची भीती घालवू. पुरुष आणि वचनाप्रमाणे चालणारे काळ मोजले तर स्वार्थाचे (साध्या विधानाचे) 8, कोन्जुन्तीवोचे (इच्छा-शंकेच्या रूपाचे) 4 आणि कोन्दित्स्योनालेचे ('गेले असते' अशा रूपाचे) 2, असे 14 होतात. प्रत्येकाची सहा रूपं धरली तर 84, आज्ञार्थ वेगळा. पण या 14 पैकी 7 काळ संयुक्त आहेत. त्यांत मूळ क्रियापदाचं धातुसाधित ('गेलेलं', 'विकलेलं' असं रूप) तेच राहतं आणि फक्त 'आवेरे' (जवळ असणं) किंवा 'एस्सेरे' (असणं) हे सहायक क्रियापद चालतं. म्हणजे नव्यानं शिकायची रूपं 42 उरतात, आणि त्यातली सहा तुम्हाला तोरिनोत बोलायला लागणारच नाहीत. त्याबद्दल शेवटी लिहिते.

आता माझ्या घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात चला. दुसऱ्या वर्षी मी माझी जुनी सायकल विकली. बाई टेबलावर तोर्तेल्लिनी (सारण भरलेला पास्ता) मुरडत बसल्या होत्या, आपण करंजी मुरडतो तशाच निगुतीनं. त्यांनी विचारलं, "ए ला बिचिक्लेत्ता?" सायकलचं काय झालं? मी म्हटलं, "लो वेन्दूतो." मान वर न करता त्या म्हणाल्या, "लो वेन्दूता." बाकी काही बोलल्या नाहीत. मी खोलीत येऊन ते वाक्य मराठीत म्हणून पाहिलं: विकली. सायकल विकली. 'सायकल विकला' असं चार वर्षांचं मराठी मूलही म्हणत नाही, आणि मी इटालियनमध्ये नेमकं तेच म्हटलं होतं.

भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या मागे जातं, हे आपल्या हाडीमासी आहे. निबंध लिहिला, चिठ्ठी लिहिली, पत्र लिहिलं. लिहिणारी बाई की पुरुष, याच्याशी त्या क्रियापदाला देणंघेणं नाही. अकर्मक मात्र कर्त्याच्या मागे जातं: तो गेला, ती गेली, त्या गेल्या. इटालियनच्या पास्सातो प्रोस्सिमोत (रोजच्या बोलण्यातल्या भूतकाळात) जवळजवळ हीच व्यवस्था आहे. 'एस्सेरे' घेणाऱ्या क्रियापदाचं धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलतं: तो म्हणेल 'सोनो अन्दातो', ती म्हणेल 'सोनो अन्दाता', मुली म्हणतील 'स्यामो अन्दाते'. 'आवेरे' घेणाऱ्याचं एरवी बदलत नाही. पण 'तो, ती, ते, त्या' अर्थाचं कर्माचं सर्वनाम आधी आलं की ते कर्माप्रमाणे बदलतं. सायकलीचा 'ला' आणि 'आवेरे'चा 'ओ' जोडून 'लो' झाला, म्हणून पुढे 'वेन्दूता'. इंग्रजीतून इटालियन शिकणाऱ्याला हा नियम वेगळा समजून घ्यावा लागतो. आपल्याला तो फक्त आठवावा लागतो.

मात्र हा आधार सगळीकडे टिकत नाही, तेव्हा दोन ठिकाणी सावध राहा. मराठीत 'मी चालले', 'मी झोपले' कर्त्याप्रमाणे चालतात म्हणून तुम्ही 'एस्सेरे' लावाल, पण इटालियन म्हणतो 'ओ काम्मिनातो', 'ओ दोर्मीतो'. उलट 'शिकले', 'विसरले', 'प्यायले' ही आपल्याकडची कर्म असूनही कर्त्यामागे जाणारी क्रियापदं, तिथे तर 'आवेरे'च. जाणं-येणं, निघणं-पोचणं, मागे राहणं, होणं, जन्मणं-मरणं यांना आणि 'स्वतःला' जोडून येणाऱ्या सगळ्या क्रियापदांना 'एस्सेरे', एवढं पक्कं केलंत तरी रोजचं बोलणं निभतं.

'आवडणं' तर आयतं मिळालेलं आहे. मला कॉफी आवडते, मला पुस्तकं आवडतात: 'मी प्याचे इल काफ्फे', 'मी प्याच्चोनो ई लीब्री'. रचना तीच, आवडणारी वस्तू कर्ता. फक्त इटालियन 'मी' म्हणजे आपलं 'मला', याची सवय व्हायला चार दिवस लागतात. ('तू' मात्र दोन्हीकडे 'तू'च आहे.) गाणी आवडली म्हणायचं तर 'मी सोनो प्याचूते ले कान्त्सोनी'. 'आवडली'तला 'ली' आणि 'प्याचूते'तला 'ते' एकच काम करताहेत.

इम्पेर्फेत्तोसाठी (सवयीच्या किंवा चालू असलेल्या भूतकाळासाठी) 'जायचो' आठवा. दर उन्हाळ्यात आजोळी जायचो, हे 'ओन्यी एस्ताते अन्दावामो दाई नोन्नी'. गेल्या वर्षी गेलो, हे 'लान्नो स्कोर्सो स्यामो अन्दाती'. 'जेवत होते तेव्हा फोन आला' यातलं 'जेवत होते' इम्पेर्फेत्तो आणि 'आला' पास्सातो प्रोस्सिमो. 'माहीत होतं' म्हणजे 'सापेवो' आणि 'कळलं' म्हणजे 'ओ सापूतो'. मराठीत दोन वेगळी क्रियापदं लागतात तिथे इटालियन काळ बदलून काम भागवतो. गोष्टही 'चेरा ऊना वोल्ता' अशी इम्पेर्फेत्तोतच सुरू होते, आपलं 'आटपाट नगर होतं' तसं.

इथे आपली सगळ्यांची एक चूक होते. आपण सहज म्हणतो, "काल बाजारात गेले होते." हे शब्दशः 'एरो अन्दाता' केलंत तर समोरचा इटालियन पुढची घटना ऐकायला थांबून राहतो, कारण तो काळ दुसऱ्या एखाद्या भूतकाळाच्या आधीचं सांगायलाच वापरतात. नुसतं सांगायचं असेल तर 'सोनो अन्दाता'. माझी ही चूक सुटायला तीन वर्षं लागली.

भविष्यकाळ आणि कोन्दित्स्योनाले एकाच दिवशी शिका, कारण दोघांचा पाया एक आहे. 'अन्द्रो' जाईन, 'अन्द्रेई' गेले असते किंवा जाईनही. 'वेर्रो' येईन, 'वेर्रेई' आले असते. भविष्यकाळ लॅटिनमधल्या 'कान्तारे हाबेओ' यासारख्या जोडीतून आला. दोन शब्द बोलता बोलता एक झाले, जसं आपलं 'करतो आहे' हे 'करतोय' झालं. म्हणून तर शेवटच्या 'ओ'वर इतका जोर येतो. 'पार्लेरेमो' बोलू, 'पार्लेरेम्मो' बोललो असतो. एका 'म'चा फरक आहे, पण 'हला' आणि 'हल्ला' यांत गोंधळ न करणाऱ्या कानाला तो अवघड नाही. आणि भविष्यकाळातून अंदाज करणं तर हुबेहूब आपलं आहे. 'सारान्नो ले ओत्तो', आठ वाजले असतील. 'आव्रा मान्जातो', जेवला असेल.

राहिला कोन्जुन्तीवो, ज्याला सगळे घाबरतात. शाळेतला विध्यर्थ आठवतो का? 'तू यावंस असं मला वाटतं' हे 'वोल्यो के तू वेंगा'. 'तो घरी असावा' हे 'पेन्सो के सीया आ कासा'. इच्छा, अंदाज, शंका असली की मराठी 'आवा-आवी-आवं'कडे वळते आणि इटालियन कोन्जुन्तीवोकडे. मला हे सगळ्यात सुंदर दिसलं ते आदराच्या बोलण्यात. ओळखीच्याला 'स्कूझा', 'दीम्मी'. परक्याला किंवा वडीलधाऱ्याला 'स्कूझी', 'मी दीका'. ही आदराची रूपं कोन्जुन्तीवोचीच आहेत. दारात आलेल्या पाहुण्याला आपण म्हणतो, "यावं, बसावं." तिथे म्हणतात, "सी अक्कोमोदी." दोन्हीकडे आज्ञा बाजूला ठेवून मान दिलेला आहे. रूपांसाठी एवढं ध्यानात ठेवा की 'आरे'नं संपणाऱ्या क्रियापदांत 'तू पार्ला' पण आदरानं 'पार्ली', आणि 'एरे'नं संपणाऱ्यांत 'तू प्रेन्दी' पण आदरानं 'प्रेन्दा'. 'आ' आणि 'ई' एकमेकांच्या जागी जातात. नकारात 'तू'साठी मूळ रूपच येतं, 'नोन पार्लारे', आपल्या 'बोलू नकोस'सारखं.

संकेतार्थात मात्र मराठी आपल्याला फसवते. 'वेळ असता तर आले असते' यात दोन्ही बाजूंना 'असता-असते' आहे, म्हणून दोन्हीकडे कोन्दित्स्योनाले लावावंसं वाटतं. ते चूक. 'तर'च्या आधी कोन्जुन्तीवो इम्पेर्फेत्तो आणि नंतर कोन्दित्स्योनाले: 'से आवेस्सी तेम्पो, वेर्रेई'. 'से'च्या (म्हणजे 'जर'च्या) लगेच पुढे कोन्दित्स्योनालेचं 'आव्रेई' आलं की तिथली शिक्षिका लाल पेन काढते, कारण तिथल्या मुलांचीही हीच चूक होते. गप्पांमध्ये 'से लो सापेवो, वेनीवो' असं दोन्हीकडे इम्पेर्फेत्तो ऐकू येईल. ते बोलण्यात चालतं, परीक्षेत लिहू नका.

सराव म्हणाल तर रोज रात्री दिवसभराचं पाच वाक्यांत आधी मराठीत लिहा, शेवटच्या अक्षराखाली रेघ ओढा, मग इटालियन लिहा. गेले, विकली, आवडली, यावं, असेल. कुठला काळ आणि कुठलं लिंग लागणार, याचं निम्मं उत्तर त्या रेघेखाली असतं. 'ते' बोलतात हे रूप म्हणताना जोर पुढेच ठेवा: 'पार्लानो'तल्या 'पा'वर, 'आबितानो'तल्या 'आ'वर. आपली जीभ तो मागे ओढते.

आता ती सहा रूपं. ती पास्सातो रेमोतोची, म्हणजे दूरच्या भूतकाळाची. हा काळ पुस्तकांत भरपूर भेटतो, सिसिलीत आणि दक्षिणेत बोलण्यातही, पण उत्तरेत बोलताना तो क्वचितच ऐकू येतो. तुम्हाला तो फक्त ओळखता यायला हवा. 'स्क्रीस्सी, स्क्रिवेस्ती, स्क्रीस्से, स्क्रिवेम्मो, स्क्रिवेस्ते, स्क्रीस्सेरो' यांत मी, तो आणि ते यांची रूपं वेडीवाकडी, बाकीची तीन सरळ. बरीचशी अनियमित क्रियापदं याच चालीची आहेत. वाचताना 'स्क्रीस्से' दिसलं आणि 'लिहिलं' एवढं कळलं की पुढे जा. तोरिनोत तुमच्याशी बोलणारा माणूस 'आ स्क्रीत्तो'च म्हणणार आहे.