दार लागत नाही, ते पावसामुळेच का?

(जुन्या वस्तूंबद्दल वाचकांचे प्रश्न. उत्तरं देणारा गृहस्थ आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होता. आता निवृत्त आहे, पण हातोडी अजून सुटलेली नाही.)

प्रश्न : काका, मागच्या आठवड्यात ओशिवऱ्याला काम होतं. पाऊस असा कोसळला की छत्री उलटी झाली आणि समोर दिसलं त्या दुकानात शिरले. जुन्या फर्निचरचं दुकान. एक ट्यूबलाइट, बाकी अंधार. तास-दीड तास अडकले आणि तेवढ्यात एका कपाटावर जीव जडला. वर काचेची दोन दारं, खाली दोन ड्रॉवर, उंची माझ्या खांद्याएवढी. मालवणला आजीच्या माजघरात असंच होतं. दुकानदार १८,००० सांगतो, ‘बर्मा टीक है’ म्हणतो. पण उजवं दार लागत नाही आणि एक ड्रॉवर अर्ध्यात अडतो. त्यावर त्याचं म्हणणं, ‘मॅडम, बारिश में फूल गया है, दिवाली तक मक्खन हो जाएगा.’ खरं असेल का? मी ५०० रुपये देऊन ठेवलेत. घरचे म्हणतात, लोकांचं जुनं लाकूड घरात आणू नकोस. — एक वाचक, मुलुंड

उत्तर : पावसात शिरलात हे फार बरं केलंत. मी स्वतः जुनं सामान बघायला मुद्दाम जुलै-ऑगस्टमध्ये जातो. दुकानदार रिकामा असतो, चहा मागवतो, घाई करत नाही. शिवाय मे महिन्यात कुठलंही कपाट शहाण्यासारखं वागतं. पावसाळ्यात त्याच्या खोड्या कळतात.

दुकानदार खोटं बोलतोय असं नाही, पण अर्धंच बोलतोय. लाकूड पावसात फुगतं ते रुंदीला. लांबीला, म्हणजे रेषांच्या दिशेनं, जवळजवळ फुगतच नाही. तुमचं दार काचेचं आहे, म्हणजे चौकटीचं. रुंदीत फुगायला उभ्या पट्ट्या दोनच, तीन-तीन इंचांच्या. त्या फुगून फुगून किती फुगणार? एका पल्ल्याला मिलिमीटर, फार तर दीड. सागवान तर त्यातही कमी हलणारं लाकूड. तेव्हा दार नुसतं घासत असेल, जोर दिल्यावर बसत असेल, तर पाऊस म्हणा. बोटभर उघडंच राहत असेल तर पावसाला दोष देऊ नका.

आता पुन्हा जाल तेव्हा एक पोस्टकार्ड न्या. (हल्ली ते कुणाकडे असणार म्हणा, लग्नपत्रिका चालेल.) दार जमेल तेवढं लोटा आणि फटीतून कार्ड वरपासून खालपर्यंत फिरवा. सगळीकडे सारखंच अडलं तर फुगवटा. वरच्या कोपऱ्यात अडतंय आणि खाली मोकळं फिरतंय, तर बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार लोंबलंय. ते अर्ध्या तासाचं काम आहे. भोकात सागाची कांडी गोंद लावून ठोकायची आणि त्यात पुन्हा स्क्रू पिळायचा. तिसरी शक्यता वाईट. कपाटाचा सांगाडाच तिरका झालेला असतो. त्यासाठी सुतळी. वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत ताणा, गाठ मारा, मग उलट्या कर्णावर धरून बघा. दोन्ही सारखी भरली तर कपाट काटकोनात आहे. अर्ध्या इंचाचा फरक आला तर आधी चारही पायांखाली बघा. त्या दुकानांतली जमीन कुठे सरळ असते? एका पायाखाली पुठ्ठा सरकवला आणि दार आपोआप लागलं, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या दिवशी दुकानदाराचा चेहरा पडला होता, कारण तोवर मी भाव दोन हजारांनी उतरवून घेतला होता.

ड्रॉवरचं वेगळं. तो पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. बाजूच्या फळ्यांची वरची कड चकचकीत घासलेली असेल तर फुगलाय. मेणबत्ती घासा, दिवाळीपर्यंत चालवा. खालची कड उतरती झिजली असेल तर तो खाली बसून वाकडा सरकतोय. ही झीज पन्नास-साठ वर्षं रोज उघडल्याची असते आणि कपाट जुनं असल्याचा तो चांगला पुरावा आहे, मला तरी ती आवडते. झिजलेल्या कडेला पट्टी चिकटवली की झालं.

काही झालं तरी पावसाळ्यात कुणालाही दारावर रंधा मारू देऊ नका. कोपऱ्यावरचा सुतार येईल, ‘ताई, दोन मिनिटांत बसवतो’ म्हणेल, भराभर छिलके काढेल. दार सुरेख लागेल. आणि मार्चमध्ये लाकूड आकसलं की मधल्या फटीतून कपबश्या मोजता येतील. काढलेलं लाकूड परत लावता येत नाही. नोव्हेंबरपर्यंत थांबा, तेव्हाही अडलं तर बघू.

‘बर्मा टीक’ या शब्दाला भुलू नका. ओशिवऱ्यात काय किंवा पुण्यात काय, पॉलिश केलेली प्रत्येक फळी बर्मा टीकच असते. ब्रह्मदेशातून साग येत होता हे खरं, मुंबईच्या जुन्या इमारतींत तो भरपूर सापडतो. पण पॉलिशखाली बर्मा की आपलं डांगचं की चंद्रपूरचं, हे नुसत्या डोळ्यांनी छातीठोक सांगणारा माणूस मला भेटलेला नाही. साग आहे एवढं कळलं तरी पुष्कळ. त्यासाठी पॉलिश न पोचलेली जागा शोधा. ड्रॉवरचा तळ, कपाटाची पाठ, पायांचा खालचा भाग. तिथे नखानं किंवा किल्लीनं जरा खरवडा आणि वास घ्या. सागाला जुन्या चामड्यासारखा तेलकट वास असतो, एकदा नाकात बसला की विसरत नाही. पाठ प्लायवूडची असली तर बिचकू नका, पाठ पुष्कळदा नंतर बदललेली असते. पण बाजूच्या फळ्यांच्या कडेला पदर सुटलेले, फुगून भाकरीसारखे झालेले दिसले, तर तिथे वरवर सागाची साल आहे आणि आत प्लाय. हे उन्हाळ्यात दडतं. पावसात दडत नाही.

किडीचं तेवढं नीट बघा, घरच्यांची भीती त्याबाबतीत रास्त आहे. सागाच्या गाभ्याला सहसा कीड लागत नाही, लागते ती बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला. सुतारानं काटकसर करून तो भाग पाठीला किंवा तळाला वापरलेला असतो. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली म्हणून लगेच पळू नका, ती चाळीस वर्षांपूर्वीची असू शकतात. खाली काळा कागद पसरा आणि भोकांवर ठोका. मैद्यासारखं फिकट, ताजं पीठ पडलं तर आत किडा जिवंत आहे. मग औषध मारून घेतल्याशिवाय उंबरठ्याच्या आत घेऊ नका. आणि आतल्या फळ्यांना जुना ऑइलपेंट असला तर तो कोरडा घासून काढू नका. जुन्या रंगांत शिसं असायचं, त्याची धूळ पोटात जाते. घरात लहान मूल असेल तर मुळीच नको.

१८,००० जास्त आहेत का? मी पाहिल्याशिवाय बोलणार नाही. सुतळी, कार्ड आणि काळा कागद बाहेर काढल्यावर भाव कुठे येतो ते मात्र मला पत्रानं कळवा.

प्रश्न : सर, मुंबईच्या चोरबाजारातून मित्रानं पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन आणला. वर एचएमव्हीची पट्टी, कुत्र्याचं चित्र, दुकानदार म्हणाला १९१५ सालचा. किंमत सांगत नाही, तुम्ही रागवाल. वडिलांच्या एलपी त्यावर लावायच्या आहेत. — एक वाचक, नाशिक

उत्तर : एलपी लावू नका! हे आधी. चावीच्या ग्रामोफोनची पोलादी सुई आणि तिच्यावरचं वजन लाखेच्या, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी आहे. एलपीची खाच ती एका फेरीत खरवडून टाकेल.

आता यंत्र. चकाकणारा पितळी कर्णा, नक्षीची पेटी, नवी कोरी पट्टी, अशी यंत्रं आजही जुळवून विकली जातात आणि चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर ओळीनं मांडलेली दिसतात. १९३० च्या सुमारास घरोघरी जे यंत्र जाऊ लागलं होतं त्यात कर्णा पेटीच्या आत होता, सुटकेससारखं झाकण असायचं. ते दिसायला साधं, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. मित्राच्या यंत्राचे स्क्रू बघा. डोक्यावर अधिकचं चिन्ह असलेला स्क्रू १९३० च्या दशकात बाजारात आला. १९१५ च्या पेटीत तो कसा शिरला, एवढंच विचारायचं.

मित्राला हसू नका. माझ्या भिंतीवर ‘अमेरिकन’ लंबकाचं घड्याळ आहे. पेटी एकाची, तबकडी दुसऱ्याची, यंत्र तिसऱ्याचं. एका रविवारी भर पावसात, भिजू नये म्हणून कोटाच्या आत धरून मी ते आणलं होतं. आणि मुलांना सांधे शिकवण्यात माझा जन्म गेला.

प्रश्न : भंगारवाल्याकडून वजनावर तांब्याचा पाण्याचा बंब घेतला. पावसाळाभर गरम पाणी होईल, गॅस वाचेल असा विचार आहे. आतून कल्हई करावी लागेल का? — एक गृहिणी, कोल्हापूर

उत्तर : अंघोळीच्या पाण्याला कल्हई नको, ती स्वयंपाकाच्या भांड्यांना. बंबात पाणी भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवा. गळका असेल तर सहसा मधल्या नळीच्या बुडाशी किंवा तोटीच्या जोडाशी ओल दिसेल. तांबट अजून तुमच्याकडे आहेत, डाख (वितळवलेल्या धातूचा सांधा) लावून देतील. पाणी भरल्याशिवाय निखारा टाकायचा नाही, नाहीतर तोच डाख वितळतो.

आणि ताई, हे नीट वाचा. पूर्वी बंब परसात किंवा पडवीत पेटायचा. पाऊस आहे म्हणून तो बंद न्हाणीघरात पेटवू नका. कोळशाच्या धगीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोप आल्यासारखा आडवा होतो तो उठत नाही. उघडी पडवी नसेल तर बंबात छत्र्या ठेवा.

प्रश्न : मी पुण्यात होस्टेलवर राहते. जुन्या वस्तूंचं वेड आहे पण खिशात २०० रुपये. काय घेऊ? — एक विद्यार्थिनी

उत्तर : चिपटं. मंगळवार पेठेतला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. पाऊस असला की विक्रेते ताडपत्री ओढून बसतात, तुम्हालाही खाली उकिडवं बसावं लागेल. तिथे कुलपं, नळाच्या चाव्या आणि मिक्सरची भांडी यांच्या ढिगात धान्याची जुनी मापं सापडतात, लोखंडी पत्र्याची, कधी पितळी. दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. मेट्रिक मापांचा कायदा १९५६ चा, तो १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं लागू झाला आणि ही सगळी मंडळी दुकानातून उठून घरातल्या तांदळाच्या डब्यात जाऊन बसली. कडेला सरकारी छाप असेल तर ते वाण्याच्या दुकानातलं. बुडाला आतून थर दिलाय का तेही चाचपून बघा, माप मारणारे तेव्हाही होते.

पितळी मिळालं तर दोनशेत बसणार नाही. पत्र्याचं घ्या, गंज असला तर थोडं खोबरेल चोळा आणि त्यात पेनं ठेवा. विक्रेत्यानं ‘शिवकालीन’ म्हटलं तर हो म्हणा आणि दीडशेच द्या.