ओला कोअर सुक्यापेक्षा मजबूत आला म्हणून लगेच फेकून देऊ नका

तुम्ही लिहिलंय की नाइसचे (पट्टेदार घट्ट खडकाचे) ओले कोअर, म्हणजे खडकातून कापलेले दंडगोल, ट्रायॲक्सियलमध्ये (सगळीकडून दाबून तोडायच्या टेस्टमध्ये) सुक्यांपेक्षा मजबूत आले आणि गाईड म्हणतायत नमुनेच खराब. वाचून जुनं दुखणं वर आलं. टेस्टची बेसिक माहिती सोडतो, ती तुम्हाला असणारच.

आधी सांगा, मशीन किती वेगात चालवलं? असा घट्ट दगड तुटायच्या आधी फुगतो, कणांच्या सांध्यांत बारीक भेगा उघडतात, आतली जागा वाढते, आणि तेवढ्यात बाहेरून पाणी आत पोचलं नाही तर आतला पोअर प्रेशर (भेगा-छिद्रांतल्या पाण्याचा दाब) पडतो, कण एकमेकांवर जास्त दाबले जातात आणि दगड उगाच पैलवान दिसतो. बाहेरचं गेज मात्र ढिम्म, काहीच दाखवत नाही. ब्रेस आणि मार्टिन या संशोधकांनी १९६८ मध्ये हेच दाखवलं होतं, की अशा दगडात इफेक्टिव्ह स्ट्रेसचा नियम (बाहेरच्या दाबातून आतल्या पाण्याचा दाब वजा केला की उरतो त्यावर ताकद ठरते) चालतो, पण लोड पुरेसा हळू दिला तरच.

आम्ही पैसे भरून ज्या लॅबला कोअर दिले (नाव नको, उगाच वाद) तिथे ‘सॅच्युरेटेड’ (पाण्याने पूर्ण भरलेला) म्हणजे रात्रभर बादलीत बुडवलेला. व्हॅक्यूम नाही, वजन स्थिर होईपर्यंत थांबणं नाही. आत हवा राहिली की ती आधी दबते, मग कसला प्रेशर आणि कसलं काय! स्ट्रेन रेट (नमुना दाबायचा वेग) विचारला तर ‘स्टँडर्डप्रमाणे’, रॉ डेटा मागितला तर अर्ज करा, मग साहेब रजेवर, मग फाइलच सापडेना. वर रिपोर्टमध्ये ‘पाण्याचा परिणाम नगण्य’ असं ठोकून दिलेलं. पुढचं सगळं गणित त्या एका ओळीवर उभं होतं, अख्खा सीझन पाण्यात.

आणि नगण्य कसा हो? क्वार्ट्झमध्ये भेगेच्या टोकाला ताणलेले बंध पाणी हळूहळू तोडतं, घाईच्या टेस्टमध्ये ते दिसणारच नाही. कोयनेचा जलाशय १९६२ पासून भरायला लागला, ६.३ चा भूकंप आला ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे. नुसतं पाण्याचं वजनच कारण असतं तर एवढा उशीर कशाला? पाण्याचा दाब भेगांतून खाली पोचायला वेळ लागतो, असं माझं मत, बाकी तज्ज्ञ बोलतील.

एकाच ब्लॉकचे दोन ओले कोअर घ्या, पट्ट्यांची दिशा तीच ठेवा, एक नेहमीच्या वेगाने आणि एक शंभरपट हळू चालवा. हळू वाला कमकुवत आला तर गाईडना आलेख दाखवा, पण सुकी जोडीही त्याच दोन वेगांनी करा, कारण वेगाचा थोडा फरक तिथेही पडतो. अर्थात मी तुमची मशीन पाहिलेली नाही.

आणि कोअरवर नंबर ऑइल पेंटने टाका, साधं मार्कर पाण्यात जातं.