संशोधन-लेख सर्वांना मोफत वाचायला मिळाले, तर त्याचा सरकारी धोरणावर खरोखर परिणाम होतो का?

होतो, पण आपोआप नाही. धोरणाचा मसुदा करणारे अधिकारी, पाणलोटाचे काम करणाऱ्या संस्था आणि पत्रकार यांच्यापैकी बहुतेकांकडे संशोधन-नियतकालिकांची वर्गणी नसते. त्यामुळे सशुल्क लेखाचा केवळ सारांश त्यांच्या हाती लागतो आणि ज्या तक्त्याच्या आधारे निर्णय घ्यायचा, तो तक्ताच दिसत नाही. लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा जिल्ह्यात बोअरची वाढती खोली, उसाखालचे क्षेत्र आणि भूजलाची घट यांचा संबंध मांडणारा लेख टंचाई आराखडा करणाऱ्याला पूर्ण वाचता आला, तर त्याला अभ्यासाची पद्धत तपासता येते, आपल्या तालुक्याचे आकडे त्याशेजारी ठेवता येतात आणि टिपणीत संदर्भही देता येतो. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विद्यापीठांचे प्रबंध मोफत वाचता येतात, ही मोठीच सोय आहे. संशोधन-नियतकालिकांची सामाईक वर्गणी केंद्र सरकारने भरण्याची, 2025 मध्ये सुरू झालेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मात्र सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांसाठी आहे. गेवराईच्या शेतकरी गटाला तिचा थेट उपयोग नाही. खुल्या लेखासोबत संशोधकांनी दोन पानांचा मराठी गोषवाराही द्यावा, असा माझा आग्रह आहे, कारण ग्रामसभेत आणि जिल्हा परिषदेत चर्चा मराठीतच होते.