केळीच्या मळ्यावर शैक्षणिक कर्ज मिळेल का?

प्रश्न : मुलगी जळगावला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे जर्मनीला एमएससाठी जायचं म्हणते. मळा तारण ठेवून कर्ज मिळेल का? (एक पालक, रावेर)

उत्तर : मळ्यावर भिस्त ठेवू नका. सरफेसी कायद्याखाली (थकलेलं कर्ज वसूल करण्यासाठी बँकेला तारण ताब्यात घेऊ देणारा कायदा) बँकेला शेतजमीन ताब्यात घेता येत नाही, म्हणून बहुतेक बँका ती तारण घेत नाहीत. घर किंवा एनए प्लॉट चालतो. त्याच्या वारसनोंदी आधी पाहा. मंजुरी बहुधा तिथेच अडकते. साडेसात लाखांपर्यंत सरकारी बँका सहसा तारण मागत नाहीत.

जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नसतं. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र दर सहामाहीला १५०० युरो पडतात. खरा भार ब्लॉक्ड अकाउंटचा, म्हणजे राहण्या-खाण्याचे पैसे आधीच अडकवून ठेवणाऱ्या खात्याचा. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात. ही फी नव्हे. दरमहा ९९२ युरो मुलीलाच खर्चायला मिळतात. बँकेला ही रक्कम अंदाजपत्रकात स्पष्ट दाखवा.

एपीएस प्रमाणपत्राशिवाय (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारा दाखला) व्हिसाचा अर्ज पुढे सरकत नाही. गुणपत्रिका आणि पासपोर्टवरच्या नावाचं स्पेलिंग आजच जुळवून बघा, दुरुस्तीला फार वेळ जातो. ऑक्टोबरच्या सत्रासाठी अनेक विद्यापीठांची मुदत १५ जुलै असते, काहींची त्याआधीच संपते.